कॅसेट कोणी जपली, कोणी वापरली: एका माहितीपटातील प्रतिनिधित्वाचे प्रकरण

हे प्रकरण एका पूर्ण लांबीच्या माहितीपटाचे आहे. त्याचा विषय होता व्हिडिओ कॅसेटची संस्कृती, म्हणजे १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये व्हीएचएस हे कॅसेटचे दोन प्रकार बाजारात आल्यापासून डीव्हीडीने त्यांना मागे सारेपर्यंतचा काळ. या काळात चित्रपट पाहणे, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम टेपवर घेणे आणि स्वतःच्या घरातले प्रसंग चित्रित करणे या तिन्ही गोष्टी एकाच यंत्राभोवती गोळा झाल्या होत्या. या माहितीपटासाठी मी संशोधक म्हणून काम केले. जुने दृश्यसाहित्य शोधणे, मुलाखतींसाठी माणसे सुचवणे आणि हक्कांची कागदपत्रे सांभाळणे ही माझी कामे होती. चित्रपटाचे आणि त्यातल्या माणसांचे नाव येथे दिलेले नाही, कारण जे चुकले ते कोणा एकाचे नव्हते, आणि मुलाखतींची पहिली यादी मीच तयार केली होती.

पहिला रफ कट, म्हणजे चित्रपटाची पहिली कच्ची जोडणी, ११२ मिनिटांचा झाला. त्यात २४ जणांच्या मुलाखती होत्या आणि त्यांपैकी २१ पुरुष होते. उरलेल्या तिघींपैकी एक संग्राहकाची पत्नी होती, जी घरात टेपांनी किती जागा अडवली आहे हे हसत सांगत होती. दुसरी भयपटांत काम केलेली अभिनेत्री होती आणि तिला तिच्या मरणाच्या दृश्याबद्दल विचारले गेले होते. तिसरी भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानात काम करायची, पण तिच्या वाट्याला दोन वाक्ये आली होती. सर्व मुलाखती इंग्रजीत होत्या आणि बोलणारी माणसे अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या तीनच देशांतली होती. हे सगळे आकडे आम्ही नंतर मोजले. कट पाहताना कोणाला ते खटकले नव्हते. मलाही खटकले नव्हते.

आकड्यांपेक्षा मांडणी अधिक बोलकी होती. एका प्रसंगात एक गृहस्थ आपल्या तळघरातले रॅक दाखवत होते. कॅमेरा त्या रॅकांवरून संथपणे फिरत होता, पार्श्वभूमीला पियानो होता आणि नावाच्या पट्टीवर ‘संग्राहक व चित्रपट-इतिहासकार’ असे लिहिलेले होते. त्यानंतर सुमारे दहा मिनिटांनी मॅरियन स्टोक्स यांचा उल्लेख येत असे. फिलाडेल्फियात राहणाऱ्या आणि पूर्वी ग्रंथपाल असलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डिसेंबर २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत दूरचित्रवाणीवरच्या बातम्या अनेक यंत्रांवर अखंड ध्वनिचित्रमुद्रित केल्या. त्यांच्या मागे सुमारे ७०,००० टेप उरल्या आणि तो साठा पुढे इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाकडे गेला. वाहिन्यांनी स्वतःची जुनी प्रक्षेपणे नेहमीच जपून ठेवलेली नाहीत, हे लक्षात घेतले की या कामाचे मोल कळते. आमच्या कटमध्ये त्यांना चाळीस सेकंद मिळाली होती. पार्श्वसंगीत गमतीचे होते आणि निवेदनात ‘झपाटलेली’ हा शब्द होता. काम एकच होते, साठा दहापट मोठा होता आणि हेतू अधिक स्पष्ट होता, तरीही एकाला इतिहासकाराचा मान मिळाला आणि दुसरीला विक्षिप्तपणाचा शिक्का.

कृष्णवर्णीय माणूस ठळकपणे दिसणारी दुसरी जागा म्हणजे ३ मार्च १९९१ च्या रात्रीची लॉस एंजेलिसमधील चित्रफीत. पोलीस रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करत असताना जॉर्ज हॉलिडे या रहिवाशाने आपल्या घराच्या बाल्कनीतून ती टिपली होती. सामान्य माणसाच्या हातातल्या कॅमेऱ्याने सार्वजनिक जीवन कसे बदलले हे सांगताना ती टाळता येत नाही, आणि टाळूही नये. पण आमच्या कटमध्ये ती तीनदा आली होती. एकदा प्रसंग म्हणून, दुसऱ्यांदा दशकाच्या आढाव्यात आणि तिसऱ्यांदा शेवटच्या वेगवान मालिकेत, संगीताच्या ठोक्यावर. परिणामी ११२ मिनिटांच्या चित्रपटात कृष्णवर्णीय माणूस एकतर मार खाताना दिसत होता किंवा हसण्याचा विषय होत होता.

प्रश्न कोणी विचारला

हा कट आम्ही एका छोट्या गटाला दाखवला. चित्रपट संपल्यावर बहुतेकांनी लांबीबद्दल आणि आवाजाच्या पातळीबद्दल मते दिली. मागच्या ओळीतल्या एक वयस्क बाई मात्र म्हणाल्या, “आमच्या घरी व्हीसीआरचं टायमर फक्त मला लावता यायचं. तुमच्या चित्रपटात सगळे जण टेप दाखवताहेत. टेप लावताना मात्र कोणीच दिसत नाही.”

दिग्दर्शकांनी नम्रपणे आभार मानले. ते स्वतः संग्राहक आहेत, या विषयावर त्यांचे मनापासून प्रेम आहे आणि टीका ऐकून घेण्याची त्यांची तयारी होती. त्या रात्री मुलाखतींची मोजणी झाली आणि दुसऱ्या दिवशी ‘विविधता कमी पडते आहे’ असा निष्कर्ष कागदावर आला. निष्कर्ष खोटा नव्हता, पण बाईंनी जे सांगितले होते ते मात्र त्या कागदावर उतरले नाही. त्यांनी चित्रपटात स्त्रिया कमी आहेत असे म्हटलेच नव्हते. एक कृती चित्रपटात नाही, असे त्या म्हणाल्या होत्या. हा फरक समजायला आम्हाला आणखी दोन महिने लागले.

पहिली दुरुस्ती आणि ती का फसली

पंधरा दिवसांत दोन नव्या मुलाखती झाल्या. एक संग्राहक स्त्री होती आणि दुसरी व्यक्ती व्हिडिओ माध्यमात काम करणारा कृष्णवर्णीय कलावंत होती. या दोघांना घेऊन सहा मिनिटांचा एक स्वतंत्र भाग तयार करून तो तिसऱ्या टप्प्यात बसवण्यात आला. कटच्या टिपणांत त्या भागाचे नाव ‘वेगळे आवाज’ असे होते.

संकलक बाईंनी तो भाग जोडला आणि त्याच दिवशी मला बोलावून मुलाखतींची मूळ चित्रफीत दाखवली. पुरुष संग्राहकांना विचारलेले प्रश्न टेपांबद्दल होते: कुठली आवृत्ती दुर्मीळ, बुरशी कशी काढता, कोणते यंत्र वापरता. संग्राहक स्त्रीला विचारलेल्या नऊ प्रश्नांपैकी सहा ‘स्त्री म्हणून’ या शब्दांनी सुरू होत होते. तिने एका उत्तरात ओघाने सांगितले होते की बुरशी लागलेली टेप चांगल्या यंत्रात घालू नये, कारण बीजाणू हेडवर, म्हणजे यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर, बसतात आणि पुढच्या प्रत्येक टेपला लागण होते. म्हणून ती साफसफाईसाठी एक वेगळे, टाकाऊ यंत्र राखून ठेवते. हे वाक्य संपायच्या आत प्रश्नकर्त्याचा पुढचा प्रश्न आला होता, “पण या पुरुषी छंदात एकटं वाटत नाही का?”

तो प्रश्नकर्ता दुष्ट नव्हता. त्याला यादीतली एक रिकामी जागा भरायची होती, आणि समोरच्या व्यक्तीला आपण त्या जागेसाठी बोलावले आहे हे त्याच्या मनात इतके पक्के होते की तिच्याकडे असलेले ज्ञान त्याला ऐकूच आले नाही. माणसे वाढली, पण त्यांना बोलायला दिलेला विषय त्यांची ओळख एवढाच उरला. बाकीच्यांना कॅसेटबद्दल बोलण्याची मुभा होती. या दोघांना फक्त स्वतःच्या वेगळेपणाबद्दल बोलता येत होते. प्रतिनिधित्वाचा हा सर्वांत सहज घडणारा आणि सर्वांत अपमानकारक प्रकार आहे असे माझे मत आहे, कारण पडद्यावर मोजणी केली तर तो सुधारणा म्हणून दिसतो.

मूळ दोष

दोष मुलाखतींच्या यादीच्याही आधीचा होता. मी यादी केली तेव्हा स्वतःला विचारलेला प्रश्न होता, ‘कॅसेट कोणाकडे आहेत?’ साहित्य हवे होते, म्हणून ज्यांच्याकडे साहित्य आहे त्यांच्याकडे मी गेलो. ज्यांनी कॅसेट विकत घेऊन कपाटात ठेवल्या, ज्यांच्याकडे त्या ठेवण्याइतकी जागा आणि पैसा होता, ज्यांना एका घरात वर्षानुवर्षे राहता आले, त्यांच्याकडे त्या आहेत. ज्यांनी कॅसेट वापरल्या त्यांच्याकडे त्या नाहीत, कारण वापरलेली कॅसेट पुसली जाते, पुन्हा भरली जाते, उसनी जाते, झिजते आणि शेवटी घर बदलताना फेकली जाते. एखादी गोष्ट संग्रहणीय ठरते ती तिचे आवरण शाबूत असते तेव्हा. रोजच्या हाताळणीत आवरण कधीच शाबूत राहत नाही. म्हणून साहित्य जिथे आहे तिथून गोष्ट सांगायला बसले की ती जपणाऱ्यांची गोष्ट होते आणि वापरणारे तिच्यातून आपोआप गळतात. कोणाला वगळायचे असे कोणी ठरवलेले नसते.

हे लक्षात आल्यावर आम्ही भिंतीवरची माणसांची यादी काढली आणि तिच्या जागी एका कॅसेटचा प्रवास लिहिला. चित्रपट तिच्यावर कोण उतरवतो, तिची प्रत कोण काढतो, ती सीमेपलीकडे कोण नेतो, तिच्यावर दुसऱ्या भाषेतला आवाज कोण चढवतो, ती ऐकू न येणाऱ्या माणसापर्यंत कशी पोहोचते, घरी रेकॉर्डचे बटण कोण दाबतो, काय पुसायचे हे कोण ठरवतो, आणि ती कोण फेकतो. माझ्या पहिल्या यादीतली बहुतेक सगळी माणसे या प्रवासाच्या एकाच मुक्कामावर, कपाटापाशी, गर्दी करून उभी होती. बाकीचे मुक्काम ओस होते.

एकदा प्रश्न असा मांडला की माणसे शोधण्यासाठी ‘विविधता’ हा शब्द उच्चारण्याची गरजच उरली नाही. दुसऱ्या भाषेचा आवाज कोणी चढवला हे विचारताच रुमानियाच्या इरिना मार्गारेटा निस्टोर यांचे काम समोर आले. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत चोरून आणलेल्या हजारो परदेशी चित्रपटांतल्या सगळ्या पात्रांचे संवाद त्या एकट्या, आपल्या एकाच आवाजात, रुमानियनमध्ये बोलत असत. हॉलिवूडचे दांडगे नायक एका पिढीने एका स्त्रीच्या आवाजात ऐकले. चित्रपटगृह मधे न आणता थेट कॅसेटवर चित्रपट कोणी उतरवला हे विचारताच नायजेरिया आला. तिथे १९९२ मध्ये इग्बो भाषेतला ‘लिव्हिंग इन बॉन्डेज’ थेट व्हीएचएसवर विकला गेला, आणि त्याच्या यशाने पुढे नॉलिवूड म्हणून ओळखल्या गेलेल्या उद्योगाला मोठी चालना दिली. त्याचे निर्माते केनेथ ननेब्यू हे मुळात कॅसेटचे व्यापारी होते. आमच्या रफ कटमध्ये आफ्रिका फक्त चोरट्या प्रतींच्या संदर्भात दीड मिनिट आली होती. ज्या माध्यमाने एका देशात स्वतंत्र चित्रपट-व्यवसाय उभा केला, त्या माध्यमाच्या इतिहासात त्या देशाला आम्ही चोराच्या भूमिकेत बसवले होते.

लोकांनी कोणत्या कॅसेट भाड्याने न आणता विकत घेतल्या या प्रश्नाने अभिनेत्री जेन फोंडा यांची १९८२ ची व्यायामाची कॅसेट पुन्हा टेबलावर आली. पहिल्या कटमध्ये ती रंगीत कपड्यांची गंमत म्हणून चार सेकंद होती. पण चित्रपट एकदा पाहून परत करता येतो आणि व्यायाम रोज करावा लागतो, त्यामुळे कॅसेट स्वतःची असणे गरजेचे झाले. ही कॅसेट लाखोंनी खपली आणि घरी ठेवण्यासाठी विकत घेण्याच्या कॅसेटची बाजारपेठ तिने उघडून दाखवली. ती घेणाऱ्या मुख्यतः स्त्रिया होत्या. संग्राहकांच्या रॅकवर तिला मान नाही, म्हणून आमच्या चित्रपटातही नव्हता.

घरी रेकॉर्डिंग करण्याच्या हक्काची गोष्ट आमच्याकडे आधीपासून होती, पण ती वकिलांची होती. सोनी विरुद्ध युनिव्हर्सल या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निकाल दिला, की एखादा कार्यक्रम नंतर पाहता यावा म्हणून घरी टेपवर घेणे हा रास्त वापर आहे, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीविना केला तरी कायदेशीर आहे. आम्ही त्यात कंपन्यांची चित्रे दाखवली होती. कार्यक्रम नंतर पाहण्याची गरज मुळात कोणाला पडते? जो प्रक्षेपणाच्या वेळी कामावर असतो त्याला, आणि जिला संध्याकाळी बसायला वेळ नसतो तिला. रात्रपाळीतल्या कामगारांच्या आणि मागच्या ओळीतल्या त्या बाईंच्या मुलाखती या भागात आल्या, आणि खटला एकाएकी समजण्याजोगा झाला.

हातांचा प्रसंग

सर्वांत जास्त शिकवले ते एका कर्णबधिर बाईंच्या मुलाखतीने. अमेरिकेत १६ मार्च १९८० पासून दूरचित्रवाणीच्या काही कार्यक्रमांत छुपी उपशीर्षके प्रक्षेपित होऊ लागली. ती चित्रसंकेताच्या एकविसाव्या ओळीत दडवलेली असत आणि वेगळे डीकोडर यंत्र लावले तरच पडद्यावर दिसत. ही ओळ व्हीएचएसवर चित्रासोबतच नोंदवली जात असे, त्यामुळे एकदा टेपवर घेतलेला कार्यक्रम उपशीर्षकांसह पुन्हा पाहता येई. १ जुलै १९९३ पासून तिथे १३ इंच व त्याहून मोठ्या पडद्याच्या नव्या संचांत हे डीकोडर अंगभूतच असावे असा नियम लागू झाला. त्याआधीच्या तेरा वर्षांत उपशीर्षके असलेली कॅसेट ही कर्णबधिर घरांतली देवाणघेवाणीची वस्तू होती. ऐकणाऱ्या माणसासाठी कॅसेट ही सोय होती. या बाईंच्या शब्दांत सांगायचे तर, “आम्हाला चित्रपट पहिल्यांदा कळला तो टेपवर.”

आमच्या छायाचित्रणकारांनी नेहमीप्रमाणे छातीपर्यंतची चौकट लावली. पाच मिनिटांनी दुभाषी म्हणाल्या, “त्यांचं बोलणं चौकटीबाहेर जातंय.” हात खाली आले की अर्धे वाक्य कापले जात होते. चौकट मोठी करावी लागली, मागचा पडदा साधा करावा लागला आणि नक्षीदार शर्ट बदलून गडद, एकरंगी शर्टाची विनंती करावी लागली, कारण हात स्पष्ट दिसले पाहिजेत. खरी अडचण संकलनाच्या टेबलावर आली. मुलाखत चालू असताना तिच्यावर जुनी दृश्ये टाकायची ही माहितीपटांची नित्याची रीत आहे. आवाज पुढे चालू राहतो आणि डोळ्यांना काहीतरी दिसत राहते. खुणांच्या भाषेत तसे करता येत नाही. दृश्य बदलले की बोलणारीचे तोंड बंद केल्यासारखे होते. पहिल्या जोडणीत संकलक बाईंनी सवयीने तीन ठिकाणी जुन्या जाहिराती टाकल्या होत्या, आणि खाली उपशीर्षके होती म्हणून आम्हा ऐकणाऱ्यांना काही कमी वाटले नाही. मुलाखत देणाऱ्या बाईंनी तो भाग पाहिला आणि विचारले, “इथे मी गप्प का बसले आहे?”

शेवटी त्या प्रसंगात एकही दृश्य वरून टाकले नाही. सलग चार मिनिटे त्या बोलतात आणि कॅमेरा हलत नाही. जुनी दृश्ये त्यांच्या बोलण्याच्या आधी आणि नंतर येतात. भाषांतर वाचणारा आवाजही बदलावा लागला, कारण आधी तो एका पुरुषाचा होता आणि हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

एक टेप

रेकॉर्डिंग पुसणाऱ्यांची गोष्ट सांगायची तर पुसलेली टेप हवी होती. टायमरवाल्या बाईंनी त्यांच्याकडे उरलेली एकच कॅसेट आणून दिली. तिच्या पाठीवरच्या लेबलवर चार शीर्षके होती, त्यांपैकी तीन खोडलेली, प्रत्येक वेगळ्या शाईत. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची छोटी टॅब असते. ती तोडली की यंत्र त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करत नाही. या कॅसेटची टॅब तोडलेली होती आणि त्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली होती. म्हणजे एकदा कोणीतरी ‘हे जपायचे’ असे ठरवले होते आणि नंतर कोणीतरी, बहुधा त्याच व्यक्तीने, तो निर्णय फिरवला होता.

आत फुटबॉलच्या सामन्याचा शेवट होता, मग एका मुलाच्या वाढदिवसाची सुमारे अकरा मिनिटे आणि मग अर्धवट बातम्या. जोडांच्या जागी काही सेकंद चित्रावर इंद्रधनुषी पट्टे पसरत होते. त्याचे कारण यांत्रिक आहे. टेप पूर्ण पुसणारे हेड चित्र नोंदवणाऱ्या फिरत्या ड्रमच्या थोडे आधी असते, त्यामुळे रेकॉर्डिंग सुरू होताना त्या दोहोंमधला टेपचा तुकडा न पुसताच नव्या चित्राखाली जातो आणि जुने व नवे एकमेकांत झिरपते. दिग्दर्शकांना हे पट्टे खराबी म्हणून काढायचे होते. संकलक बाई अडून बसल्या. त्यांचे म्हणणे असे, की हा जोड म्हणजेच निर्णयाचा क्षण आहे. वाढदिवस ठेवायचा की बातमी घ्यायची, हे त्या घरात कोणीतरी उभ्या उभ्या ठरवले आणि बटण दाबले. मला आजही वाटते की सबंध चित्रपटात यापेक्षा प्रामाणिक दृश्य नाही.

वाढदिवसाच्या चित्रीकरणात पाहुणेही होते. घराच्या मालकिणीची संमती आमच्याकडे होती, पण पाहुण्यांची नव्हती. ज्यांचा पत्ता लागला त्या सहांपैकी पाच जणांनी आनंदाने होकार दिला. सहाव्या बाईंनी स्वतः दिसू नये असे सांगितले आणि कारण दिले नाही, ते आम्ही विचारलेही नाही. घरगुती चित्रीकरणात माणूस घरच्यांसमोर वावरत असतो आणि पडद्यावर अनोळखी लोक ते पाहणार आहेत हे त्याला माहीत नसते. ज्यांची बाजू आजवर आली नाही त्यांना दाखवण्याच्या उत्साहात त्यांच्या घरात न विचारता शिरण्याचा धोका असतो, आणि तो संग्राहकांच्या बाबतीत नसतो, कारण ते दार स्वतः उघडतात. त्या बाई ज्या चौकटींत होत्या त्या आम्ही काढल्या. अकरा मिनिटांतली जेमतेम पन्नास सेकंद उरली.

पैसा, पट्ट्या आणि भाषा

हिशेब तपासताना आणखी एक गोष्ट उघड झाली. चित्रपटांच्या तुकड्यांसाठी कंपन्यांना मिनिटामागे शुल्क दिले जात होते, संग्राहकांना त्यांच्या टेपा वापरण्याचे मानधन मिळत होते, आणि घरगुती टेपा देणाऱ्या कुटुंबांना एक आभारपत्र. मी स्वतः तो करारनामा लिहिला होता आणि त्यात ‘आठवण म्हणून विनामूल्य’ असा शब्दप्रयोग होता. निर्माती बाईंनी दर एकसमान केला आणि आधी झालेल्या करारांनाही तो लावला. अंदाजपत्रकाला त्याचा धक्का जाणवला, पण रक्कम चित्रपटांच्या हक्कांच्या तुलनेत किरकोळ होती.

नावांच्या पट्ट्यांचा आढावा एका दुपारीत झाला. ‘प्रेक्षक’, ‘गृहिणी’, ‘संग्राहकाची पत्नी’ ही वर्णने काढून प्रत्येकाने कॅसेटबरोबर काय केले ते लिहिले.

भाषेचा प्रश्न त्यापेक्षा खोल होता. नायजेरियातील लागोस शहरातल्या एका जुन्या कॅसेट-विक्रेत्याची मुलाखत तिथल्याच छायाचित्रणकाराने घेतली, आमच्या सांगण्यावरून इंग्रजीत. ती व्यवस्थित होती आणि तीत जीव नव्हता. विक्रेत्याने खरेदी-विक्रीबद्दल चार ठरावीक वाक्ये सांगितली. तिथल्या छायाचित्रणकारानेच सुचवले की इग्बोत पुन्हा बोलू द्यावे. दुसऱ्या मुलाखतीत तोच माणूस आवरणावर कोणाचा चेहरा छापायचा यावरून होणाऱ्या वादांबद्दल वीस मिनिटे बोलला आणि मधेच उठून एका नटीची लकब करून दाखवली. चित्रपटात हीच मुलाखत आहे. उपशीर्षकांच्या भीतीने आम्ही पहिल्यांदा किती माणसांना अर्धवट ऐकले असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

काय गेले

नवीन भाग आले तसे जुने जाणार हे उघड होते. ब्रिटनमधील भयपटांच्या कॅसेटवरचा गदारोळ आणि त्यातून आलेला १९८४ चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा यांवर आमच्याकडे बावीस मिनिटे होती, ती आठवर आली. दिग्दर्शकांना त्याचे फार वाईट वाटले आणि त्यांचा आक्षेप मी येथे नोंदवतो, कारण तो निराधार नव्हता. त्यांचे म्हणणे होते, की संग्राहक नसते तर थेट कॅसेटवरच आलेले आणि पुढे कुठेही पुन्हा प्रकाशित न झालेले शेकडो चित्रपट नष्ट झाले असते. व्हीएचएसच्या यंत्रांचे उत्पादन करणाऱ्या अखेरच्या फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये ते थांबवले, आणि आता जे वाचेल ते अशा वेड्या माणसांमुळेच वाचेल. हे खरे आहे, आणि म्हणूनच तळघरातला प्रसंग आम्ही ठेवला. फरक एवढाच, की आता त्याच्या लगेच पाठोपाठ मॅरियन स्टोक्स येतात, तोच पियानो पुढे चालू राहतो आणि निवेदनातला तो शब्द काढलेला आहे. लॉस एंजेलिसची चित्रफीत एकदाच येते, आवाजाशिवाय, आणि मारहाण पूर्ण दिसण्याआधी थांबते. ‘वेगळे आवाज’ हा भाग मोडला. संग्राहक स्त्री आता बुरशीबद्दल बोलते, तेही सविस्तर, टाकाऊ यंत्र समोर उघडून ठेवून.

अंतिम लांबी ९८ मिनिटे झाली. पहिल्या सार्वजनिक प्रदर्शनाच्या वेळी मात्र एक चूक घडली, आणि ती आमच्या बाजूची होती. पाठवलेल्या प्रतीत फक्त परभाषेतल्या संवादांना उपशीर्षके होती. ज्या बाईंनी चित्रपटात चार मिनिटे उपशीर्षकांच्या इतिहासाबद्दल सांगितले आहे, त्या सभागृहात बसल्या होत्या आणि स्वतःचा प्रसंग व इग्बो मुलाखत सोडली तर त्यांना काहीही कळले नाही. निर्माती बाईंनी त्याच रात्री त्यांची माफी मागितली. पुढच्या तीन आठवड्यांत संपूर्ण चित्रपटाची उपशीर्षके तयार झाली आणि आता ती प्रत्येक प्रतीत चित्रातच कोरलेली आहेत.

त्या उपशीर्षकांची तपासणी त्याच बाईंनी मानधन घेऊन केली. आम्ही अकरा ठिकाणी कंसात ‘खरखर’ असे लिहिले होते. त्यांनी विचारले, ही खरखर टेपची आहे की वाहिनी बंद झाल्यावर संचातून येणारी, कारण चित्रावरून त्यांना तो फरक दिसत होता आणि शब्दावरून कळत नव्हता. संकलक बाई पुन्हा टेबलावर बसल्या, अकराही ठिकाणे त्यांनी ऐकली, आणि सात जागी ‘टेपची खरखर’ व चार जागी ‘रिकाम्या वाहिनीचा आवाज’ असे लिहिले.